नकटीची परवानगी

दुसरी घंटा झाली आणि पडद्याच्या फटीतून सुमैराला पहिल्या रांगेत कृष्णात गुरुजी दिसले. तिनं फट झटकन मिटवली.

खरं तर आज तिचे पाय जमिनीवर ठरायला नको होते. आष्ट्याची त्यांची शाळा पहिल्यांदाच सांगलीच्या नाट्यस्पर्धेत उतरली होती, आणि गुरुजींच्या ‘हौदाखालचं गाव’ या पुस्तकावरून नाटक लिहिलं होतं दहावीतल्या सुमैरानं. चौसष्ट पानांचं इवलंसं पुस्तक. नकटी नावाची पोर हौदात उतरते आणि तळाशी राहणाऱ्या भित्र्या माणसांना मोठ्यानं शिंकायला शिकवते. बस्स, एवढंच. सुमैरानं ते लहानपणी इतक्यांदा वाचलं होतं की पुठ्ठा निखळून आला होता. पण लोकांना ठाऊक होता तो गुरुजींनीच लिहिलेला दुसरा भाग, ‘हौदाखालचं महायुद्ध’. चारशे पानं, सात सेना, उडते रेडे. त्यात नकटी औषधालाही नव्हती.

स्पर्धेचा नियम असा, की लेखकाचं परवानगीपत्र संहितेला जोडायचं. सुमैरा संहिता घेऊन गुरुजींच्या घरी गेली. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली, पत्रावर सही केली आणि म्हणाले, “नकटीला सांभाळ गं.”

“सांभाळते की!”

मग तालमी सुरू झाल्या. “शिंका काय बघायच्या गं?” वर्गातला दानिश जांभई देत म्हणाला. “रेडे आण, रेडे! लय भारी हुईल.” सुमैरानं एक रेडा आणला. मग एक सेना. पोरं उड्या मारायला लागली, तिलाही चेव चढला. पस्तीस मिनिटांत सगळं बसेना, तेव्हा एका दुपारी तिनं नकटीची सगळी पानं काढून टाकली. नकटीचं काम तोंडपाठ केलेली राजनंदिनी रेड्याचे मागचे पाय झाली. “चालतंय की,” ती म्हणाली, आणि दोन दिवस डबा खायला शेजारी बसली नाही. परवानगीपत्र मात्र तेच राहिलं. जुन्या संहितेचं पत्र नव्या संहितेला टाचलेलं. गुरुजींना सांगायला तीन आठवडे होते. सुमैरा रोज उद्यावर ढकलत राहिली.

आता उद्या उरला नव्हता. ती धावतच खाली गेली. गुरुजींच्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. बसकं नाक, डोळ्यांत लहान मुलासारखी घाई.

“ही माझी थोरली, अंजना,” गुरुजी म्हणाले. “उंब्रजवरनं मुद्दाम आलीया. कवा न्हाई ते सोताहून म्हनली, आबा, मी बी येते.”

“नकटीला बघाय आले,” बाई हसल्या. “मीच हाय की ती! घरात मला सगळी नकटीच म्हनायची.”

सुमैरानं वळून रंगमंचाकडं बघितलं. पडद्यामागं पोरं तोंडं रंगवून उभी होती. महिनाभर घाम गाळला होता त्यांनी. एका ‘नाही’सरशी सगळं संपणार होतं. तरी तिनं एका दमात सांगून टाकलं.

“गुरुजी, नाटकात नकटी न्हाई. मी काढली तिला. युद्ध घेतलं, रेडे घेतले. तुमची सही जुन्या संहितेला होती, मी तीच लावली. तुमी नको म्हनालात तर आमी आत्ताच्या आत्ता माघार घेतो.”

गुरुजी रागावले नाहीत. तिच्याकडे बघितलंही नाही. चष्मा काढून पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

“बोला की आबा,” अंजनाबाई म्हणाल्या.

“मी कुठल्या तोंडानं बोलू?”

बाईंनी सुमैराचा हात दोन्ही हातांत धरला.

“जा पोरी, कर नाटक. तू निदान पडदा उघडायच्या आधी सांगितलंस. आबांनी मला दुसऱ्या पुस्तकातनं काढलं, ते मला पुस्तक छापून आल्यावर कळलं.”