कालच्या भागातली शेजारीण

सकाळी बेल वाजली तसं तिनं दार उघडलं. दारात शेजारच्या शिवणकामवाल्या काकू होत्या, तिच्या नवऱ्याची आखूड केलेली पँट घेऊन. नवरा लगेच मागे येऊन उभा राहिला, हसतमुख, आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“रात्री तुमच्याकडेही तीच खुनाची मालिका लागली होती ना? आवाज पार भिंतीतून येत होता,” काकू म्हणाल्या.

“एकही भाग सोडत नाही आम्ही,” नवरा म्हणाला.

“कालचा भाग झकासच. तो इन्स्पेक्टर तर काय काम करतो! पण एक गोष्ट मला पटली नाही बघा.” काकू पँटची घडी उगाचच नीट करत राहिल्या. “त्या घाबरलेल्या बाईसाठी शेजारीण रोज दुपारी दार नुसतं लोटून ठेवते, कडी लावत नाही. तरी ती बया आपली घरातच बसून! असं कुठं असतं का?”

नवरा काय बोलतो याची ती वाट बघत राहिली.

“अहो काकू, लिहिणाऱ्यांना अक्कल असते का!” तो मनापासून हसला.

त्यानं भाग पाहिलाच नव्हता. टीव्हीचा आवाज वाढवून तो पडद्याकडे पाठ करायचा आणि तिच्यावर हात उचलायचा. तिनं मात्र काल जमिनीवर पडल्या पडल्या भाग शेवटपर्यंत पाहिला होता.

त्यात शेजारीण नव्हतीच.