प्रसादाचा द्रोण

सत्यनारायणाच्या दुसऱ्याच दिवशी खंड्या कुत्र्यानं उलट्यांवर उलट्या करून अंग टाकलं. दवाखान्यात सलाइन लावता लावता डॉक्टर डाफरले, "उलटीत बेदाणे! कुणी चारले याला? कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतात त्यानं!"

कुंदानं थकून भिंतीला डोकं टेकवलं. शिऱ्यात बेदाणे आहेत, खंड्याला देऊ नका, हे सासूबाईंना सांगून काल तिचं तोंड दुखलं होतं. सासूबाईंचं एकच पालुपद, "मुक्या जिवाला प्रसाद नाकारतेस? देवाचं कधी बाधतं का गं?" पंगती वाढून कंबर मोडलेली, त्यात वाद कोण घालणार? शेवटी द्रोण तिनंच खंड्यापुढे सरकवला होता.

"माझ्याच हट्टापायी झालं हो," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"त्यांची श्रद्धा होती, डॉक्टर," कुंदा म्हणाली. "मला तर माहीत होतं."