चौथी नळी

कोमट पाण्यात चार नळ्या उभ्या होत्या. प्रत्येकीत पेशींचा गाळलेला रस होता आणि त्या रसात एक प्रथिन तयार होत होतं. पहिलीत पेशीच्या पडद्याचे बारीक फुगे घातलेच नव्हते. दुसरीत सुरुवातीलाच घातले होते, तिसरीत अर्ध्यावर. चौथीत ते सगळं बनून झाल्यावर घालायचे होते.

मुलगी स्टुलावर बसून आईचं काम बघत होती. सुट्टी संपली होती. आज संध्याकाळी मावशी तिला न्यायला येणार होती. तिच्याबरोबर परत जायचं की इथे आईजवळ राहायचं, हे मुलीने अजून सांगितलं नव्हतं. बॅग मात्र भरून दाराशी ठेवली होती.

"चौथीला एवढा उशीर का?"

"हे प्रथिन बनता बनताच पडद्यात शिरतं," आई म्हणाली. "धागा बाहेर पडत असतो तोवरच त्याला वाट मिळते. एकदा पुरता बनला की स्वतःतच गुंतून त्याचा गोळा होतो. मग कितीही पडदा ओत, काही बसत नाही. तेच दाखवायला ही नळी. शून्य यायला हवं."

"म्हणजे वरातीमागून घोडं."

आई हसली. मुलगी हसली नाही.

मुलगी दोन वर्षांची असताना आई संशोधनासाठी परदेशी गेली. तीन वर्षांचा प्रश्न आहे, म्हणाली होती, तेरा झाली. मुलीचे दुधाचे दात पडले, गोवर निघाला, ती सायकल शिकली, ते सगळं मावशीच्या घरी. आई दर रविवारी फोनवरून अभ्यास आणि जेवणखाण विचारायची. फोन ठेवल्यावर मावशी पुटपुटायची, "हाकतेय उंटावरून शेळ्या." यंदा आई कायमची परत आली आणि सुट्टीत तिने मुलीला इथे बोलावून घेतलं.

"एवढं सगळं माहीत होतं," मुलगी म्हणाली, "तर मला आत्ता कशाला बोलावलंत?"

तेवढ्यात टायमर वाजला आणि आईने चौथ्या नळीत फुगे घातले. हात सवयीने चालत होते; डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढे चारही नळ्यांत तिने पडद्याबाहेर राहिलेलं प्रथिन कापून टाकणारं द्रव्य घातलं. आत बसलेलं तेवढं वाचणार होतं. यंत्र तेवढंच मोजणार होतं.

पहिली: शून्य. दुसरी: चौऱ्याऐंशी टक्के. तिसरी: एकतीस.

आई आकडे टिपत होती. मुलीने टेबलावरची एक कुपी उचलली. तिचं सील तसंच होतं.

"हे कशाचं?"

आईने बघितलं आणि पेन खाली ठेवलं. ते प्रथिन बनणं थांबवणारं औषध होतं. चौथीत फुगे घालायच्या आधी ते घालायचं होतं. इतक्या वर्षांत ती ते एकदाही विसरली नव्हती.

"टाकून दे ती नळी," ती म्हणाली. "फुकट गेली. थांबवायचंच राहून गेलं. बनणं चालूच होतं तिच्यात."

मुलगी कुपी हातात धरून तशीच उभी राहिली. तिचा फोन वाजला. मावशी खाली फाटकाशी येऊन थांबली होती.

"तू वरच ये," मुलगी फोनमध्ये म्हणाली. "आमची एक नळी मोजायची राहिलीय."

तिने स्वतःच नळी उचलून यंत्रात ठेवली.

चौथी: एकोणीस टक्के.