रिकामं बटण

अपंगत्वाच्या चर्चेत मुलांनाच बोलू द्यावं, ही कल्पना अपर्णाची. मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये ती पटवून देताना तिने तासभर दुसऱ्या कोणाला तोंड उघडू दिलं नव्हतं!

टावर चौकाजवळच्या हॉलमध्ये आज तीच चर्चा होती. बोलता न येणारी तिची मुलगी निहू मांडीवर टॅब घेऊन पुढेच बसली होती. बटण दाबलं की टॅब बोलायचा. पाणी, भूक, पुरे, सगळे शब्द अपर्णानेच आपल्या आवाजात भरले होते. एक बटण तेवढं रिकामं ठेवलं होतं, निहूने आपल्या मनाने हवा तो आवाज टिपून भरावा म्हणून.

मंडळाच्या सुलभाकाकूंनी विचारलं, "निहू बेटा, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो गं?"

निहूचं बोट टॅबवर पोचायच्या आत अपर्णाने माइक ओढला. "अहो काकू, तिला ना, गर्दीचा फार त्रास. आणि पोहे तिखट झाले की मग तर पूछो मत..."

निहूने शांतपणे ते एक बटण दाबलं. हॉलभर अपर्णाचाच आवाज घुमला, घरीदारी रोज असतो तस्सा, ठसक्यात:



"थांब, मी सांगते!"