मेरिवेलची नोकरी

प्रिंटरमधून दोन पानं नीट आली आणि तिसऱ्यावर नुसत्या करड्या रेघा उमटल्या. टोनर संपला होता. नव्या टोनरची मागणी इंग्लंडच्या हेड ऑफिसात मंजुरीला गेली होती, त्याला पाच महिने झाले होते.

एचआरच्या स्वप्नालीनं दोन पानं प्लँट मॅनेजर सुजित सरांपुढे ठेवली.

"सर, जहाजाची माहिती. पण यात पेंडलबरी हे नाव कुठंच नाही."

"तिसऱ्या पानावर असेल. मोठा माणूस शेवटीच येतो. अध्यक्षीय भाषण कधी असतं?"

"मोबाइलवर बघू का?"

"आता बघून काय? बॅनर छापायला गेलाय."

बॅनरचा मजकूर सरांनी स्वतः केला होता : 'कप्तान पेंडलबरी यांच्या थोर वंशजांचे चाकण नगरीत हार्दिक स्वागत.'

चाकणच्या या ओतकामाच्या कारखान्यात दीडशे माणसं होती. दोन वर्षांत तीन शिफ्टची एक शिफ्ट झाली होती. मग मेल आला की महिनाअखेरीस श्री. पेंडलबरी येतील, सगळी यंत्रसामग्री पाहतील आणि पुढचं ठरवतील. एवढंच. प्लँट राहणार की जाणार हे त्या एका माणसाच्या हातात आहे, एवढं दीडशे माणसांना न सांगता कळलं.

स्वप्नालीनं इंटरनेटवर आडनाव टाकलं, तर ते शिडाच्या एका जुन्या ब्रिटिश लढाऊ जहाजाच्या पानाखाली निघालं. एच.एम.एस. मेरिवेल. साहेबांच्या घराण्यातला माणूस जहाजावर भांडी घासत नसणार, तेव्हा तो कप्तान, असं सुजित सरांनी ठरवलं. मॅनेजरनं ठरवलेलं तपासायची पद्धत कारखान्यात नव्हती.

साहेबांना भेट म्हणून मेरिवेल घडवायचं काम हिंदुरावांकडे आलं. ओतकामाचे लाकडी साचे करणारे ते शेवटचे सुतार. वय छप्पन्न. बाकीचे साचे आता बाहेरून, कॉम्प्युटरवर कापून येत. हिंदुरावांनी शिल्लक सागवान काढलं आणि बारा दिवस खाली मान घालून तासत बसले.

फिटर युनूस जेवणाच्या सुट्टीत समोर बसून स्वप्नालीनं मराठीत उतरवलेली माहिती वाचून दाखवायचा.

"मुंबईच्या गोदीत बांधलं. फ्रेंचांशी दोन लढाया. बावीस वर्षं समुद्रात गस्त. मग वाफेची जहाजं आली, तर याच्या डोलकाठ्या कापल्या आणि पोरांची शाळा भरवली. मग तापाच्या रोग्यांचा दवाखाना. मग कोळशाचं गोदाम."

"म्हंजे घरी न्हाई पाठवलं," हिंदुराव म्हणाले. "कामं बदलत ऱ्हायले."

"तुम्हालाही बसवलंच होतं की राव गेटवर, वॉचमन म्हणून दोन महिने."

"व्हय, पर माजी डोलकाठी न्हाई कापली कुनी. पुढं?"

"पुढचं पान छापलंच नाही."

हिंदुरावांनी फुंकर मारून भुसा उडवला. "माजी दोन वर्सं ऱ्हायलीत, युनूस. ह्या वयात सुतार कुनाला लागतोय? ह्यो मानूस खूश झाला पायजे. बाकी काय न्हाई."

साहेब आले ते साठीचे, बारीक, प्रवासानं आंबलेले. कँटीनच्या गिरजाबाईंनी ओवाळलं. डोक्यावर फेटा बसला. साहेबांनी स्वप्नालीकडून बॅनरचा अर्थ समजून घेतला, सुजित सरांकडे पाहिलं आणि शॉपफ्लोअरवर शिरले.

चार तास ते फिरले. एकेका मशीनपाशी थांबून साल विचारलं, वजन विचारलं. वरची क्रेन चालवून पाहिली. बाहेरचा रस्ता किती रुंद, मोठा ट्रेलर वळतो का, हेही विचारलं.

"नवीन मशिनी येतात, भावा," युनूस हिंदुरावांच्या कानाशी म्हणाला. "त्याबिगर रस्ता कोण मोजतो?"

साहेब एका प्रेसच्या पायाशी वाकले, तसा युनूस पुढे झाला. "साहेबांना सांगा ताई, एका बोल्टला गंज नाही. दर महिन्याला ग्रीस. दोन तासांत मशीन खोलून मोकळं करून दाखवतो."

स्वप्नालीनं सांगितलं. साहेब दिवसभरात पहिल्यांदा हसले आणि त्यांनी युनूसचा हात हातात घेतला. पाहणाऱ्यांना गहिवरून आलं.

चार वाजता सत्कार झाला. शाल, श्रीफळ. स्वप्नालीनं मेरिवेलची सगळी नोकरी इंग्रजीत वाचली आणि कोळशाच्या गोदामापाशी थांबली. हिंदुरावांनी दोन्ही हातांनी जहाज पुढे केलं.

साहेबांनी ते घेतलं, उलटं केलं, सांध्यांवरून अंगठा फिरवला. मग एकेक वाक्य बोलू लागले आणि स्वप्नाली मागोमाग मराठीत सांगू लागली.

"साहेब म्हणतात, इतकं प्रामाणिक काम त्यांनी फार वर्षांनी पाहिलं."

टाळ्या पडल्या. हिंदुरावांनी डोळे पुसले.

"म्हणतात, इथं सगळ्यांनी आपल्या हातानं मशिनी दाखवल्या. असं त्यांना कुठंच मिळत नाही. सहसा लोक दारसुद्धा उघडत नाहीत."

पुन्हा टाळ्या.

"कप्तान कोण होता ते त्यांना माहीत नाही. पण जहाज घराण्यातलंच. त्यांच्या खापरपणजोबांनी ते सरकारकडून विकत घेतलं होतं."

सगळ्यात मोठ्या टाळ्या सुजित सरांच्या होत्या. साहेब आणखी दोन वाक्यं बोलले. स्वप्नाली मराठीत सांगायचं सोडून साहेबांकडे पाहू लागली.

"काय म्हनले, ताई?" हिंदुरावांनी विचारलं. "सांगा की."

"म्हणतात, एकोणीस महिन्यांत त्याची फळी न् फळी सुटी करून विकली," स्वप्नाली म्हणाली. "पुढं तोडायला जहाजं उरली नाहीत, तेव्हा त्यांच्या घराण्यानं कारखाने घ्यायला सुरुवात केली."