न मळलेला शर्ट

रुक्मिणीबाईंनी सुनेच्या शर्टाची कॉलर नाकाशी धरली. कोळसा नाही, डिझेल नाही, साधा घामाचाही वास नाही. दिवसभर मेट्रो चालवून आलेल्या बाईचा शर्ट असा? त्यांना काही ते पटेना.

रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे त्यांना कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती. नवरा, ज्ञानदेव, दौंडला कोळशाच्या इंजिनावर फायरमन होते, तेव्हा त्यांचे कपडे धुताना मोरी काळी व्हायची. मग डिझेलचं इंजिन आलं. डाग कमी झाले नाहीत, वर वासाची भर पडली. रॉकेलवाल्याशी संसार केल्यासारखं वाटायचं. पुढे ज्ञानदेव बदली होऊन लोणावळ्याच्या लाइनीवर ड्रायव्हर झाले, तरी रिटायर होईपर्यंत शर्टावर काळे पट्टे ठरलेलेच. असा काळवंडलेला माणूस दारात दिसला की रुक्मिणीबाई कढत पाणी काढायच्या, चहा ठेवायच्या आणि पोरांना दम भरायच्या, की बाबा दमून आलेत, आवाज करू नका.

सून दिव्या मात्र इस्त्रीची घडीही न मोडता घरी यायची. त्यामुळे पर्स खुंटीला लागायच्या आत तिच्या हातात लाटणं यायचं. एसीत बसून आलेल्या माणसाला कसला शीण, असं रुक्मिणीबाईंचं म्हणणं. दिव्या कधी उलटून बोलली नाही. गुपचूप चपात्या लाटायची, आणि मग जेवता जेवता तिचे डोळे मिटायचे.

पण शर्ट काही मळेना, तसा रुक्मिणीबाईंचा संशय वाढत गेला. ही खरंच गाडी चालवते, की खिडकीत बसून तिकिटं देते? की तिथेही जात नाही? शेवटी एका सकाळी मंडईला जाते असं सांगून त्या थेट पिंपरीच्या मेट्रो स्टेशनात शिरल्या. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायचा धीर होईना, म्हणून साध्या जिन्याने धापा टाकत वर गेल्या.

गाडी आली. पुढच्या केबिनचं दार उघडून दिव्या उतरली आणि परतीची गाडी घेण्यासाठी दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघाली. सिक्युरिटीवाल्याने तिला सलाम ठोकला. ते पाहून रुक्मिणीबाईंनी नकळत डोक्यावरचा पदर सारखा केला.

सासू दिसताच दिव्या घाबरली. घरी काही झालं का, म्हणून विचारू लागली. काही झालं नाही, असं रुक्मिणीबाईंनी मानेनेच सांगितलं. मग त्यांनी विचारलं, की धूर न सोडता एवढी मोठी गाडी चालते तरी कशावर? दिव्याने वरच्या तारेकडे बोट दाखवलं.

"विजेवर, आई. बाबांची लोणावळ्याची गाडी चालायची, तशीच."

रुक्मिणीबाई बराच वेळ त्या तारेकडे बघत राहिल्या. भाजी न घेताच त्या घरी परतल्या.

ज्ञानदेव पेपर वाचत बसले होते. रुक्मिणीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"लोणावळ्याच्या गाडीला ना कोळसा, ना डिझेल. मग तुमचं कपडं कशानं काळं व्हायचं?"

ज्ञानदेवांनी पेपर आणखी वर धरला. रुक्मिणीबाईंनी तो खाली ओढला. शेवटी ज्ञानदेवांनी सांगून टाकलं, की ड्यूटी संपली की शेडमधलं जुनं ग्रीस ते स्वतःच्याच हाताने शर्टाला फासायचे.

असं करायची बुद्धी का झाली, एवढंच रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"विजेच्या गाडीवरनं पहिल्या दिवशी स्वच्छ कपड्यात घरी आलो," ज्ञानदेव म्हणाले, "तर तू मला दारातनंच दळण आणाया धाडलंस."