उलट फेरी

"काका, बाण दिसत नाहीत का?"

बागेतल्या फिरण्याच्या वाटेवर परचुरे हात आडवा धरून उभे होते. माणसे एकमेकांवर आदळतात, अशा तक्रारी आल्यावर उद्यान निरीक्षक या नात्याने त्यांनीच तेथे पिवळे बाण रंगवून घेतले होते. पंधरा दिवसांत सारे वळणावर आले. उरले एकटे गुणेकाका, रोज सकाळी बाणांच्या उलट चालणारे.

"दिसतात की," काका म्हणाले. "पण बाणाप्रमाणे चाललो की नुसत्या पाठी दिसतात, साहेब. उलट चाललो की चाळीस माणसे समोरून भेटतात. कुणी हात करते, कुणी हसते. ही गेल्यापासून घरी तेवढेही कुणी नसते."

"नियम सर्वांना सारखा," परचुरे म्हणाले. काका बाणांच्या दिशेने वळले.

दुसऱ्या दिवशी सारी वाट शिस्तीत फिरत होती. तक्रार एकही नव्हती, तरी परचुऱ्यांचे कशात लक्ष लागेना. त्यांनी कारंजे तपासले, बाके मोजली, माळ्याला उगाच दोनदा हाक मारली. दर फेरीला काका शेजारून जात, पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवून.

अखेर परचुरे वाटेवर उतरले आणि बाणांच्या उलट चालू लागले.

"साहेब, बाण दिसत नाहीत का?" कुणीतरी टोमणा मारला.

"दिसतात की," म्हणत ते चालत राहिले. अर्ध्या फेरीवर काका समोरून आले. परचुऱ्यांनी हात वर केला.

काका थबकले. "किती फेऱ्या मारणार आहात, साहेब?"